कालवं मोजायला गेला आणि समुदाय सापडला

मोबियस म्हटलं की आपल्याला ती पीळ दिलेली पट्टी आठवते. ती ऑगस्ट मोबियसची. आजचा आपला मोबियस वेगळा: कार्ल मोबियस, जर्मनीतल्या कील विद्यापीठातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक.

१८६०च्या दशकाच्या अखेरीस प्रशियाच्या सरकारने त्याला अगदी व्यावहारिक प्रश्न दिला. फ्रान्ससारखी कालवांची शेती श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावर करता येईल का? मोबियसने फ्रान्स-इंग्लंडमधली कालवशेती पाहिली, उत्तर समुद्रातले कालवांचे थर तपासले आणि उत्तर दिलं: इथे ते जमणार नाही.

पण १८७७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात या 'नाही'मागचं कारण होतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. एक कालव लाखो अंडी घालतं, तरी कालवं का वाढत नाहीत? कारण पिल्लाला चिकटायला स्वच्छ, टणक जागा लागते. चिखल-वाळूच्या तळावर ती जागा म्हणजे बहुतेक वेळा जुन्या कालवांच्याच शिंपा. त्याच शिंपांच्या आधाराने खेकडे, कृमी, तारामासे असे कितीतरी जीव राहतात. म्हणजे कालव हा तिथला नुसता रहिवासी नाही. घराची फरशीही तोच घालतो. जाळ्याने खरवडून शिंपा उचलल्या की पुढच्या पिढीची जागाच जाते. फ्रान्समध्ये अतिमासेमारीनंतर कालवांच्या जागी दुसरेच शिंपले वाढल्याचं उदाहरणही त्याने दिलं. एकमेकांना धरून राहणाऱ्या अशा जीवसमुदायाला त्याने नाव दिलं 'बायोसिनोसिस'. समुदाय परिसंस्थाशास्त्रातली ही एक मूळ संकल्पना.

इशारा मात्र वाया गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावरची मूळ कालवं संपली. परिसर घडवणाऱ्या अशा जीवांना 'इकोसिस्टिम इंजिनिअर' हे नाव जोन्स, लॉटन आणि शाचाक यांनी १९९४ मध्ये दिलं. आता युरोपात ही कालवं परत आणायचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यातही पहिला प्रश्न तोच: पिल्लं चिकटणार कशाला?

प्रपोजल लिहिताना आपण एक प्रजाती निवडतो आणि तिची संख्या मोजतो. त्यात चूक काहीच नाही. फक्त ती प्रजाती काढून घेतली तर तिच्याबरोबर आणखी काय काय जाईल, हा प्रश्न पहिल्याच पानावर लिहून ठेवा. सरकारने मोबियसला तो विचारला नव्हता. त्याने स्वतःला विचारला.