पवनेकाठचा मुक्काम

शनिवारी दुपार कलली की निगडी, देहूरोड, तळेगावकडून कामशेतच्या दिशेने गाड्यांची रांग लागते. कामशेतला वळून त्या पवनानगरच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या काले कॉलनीच्या रस्त्याला लागतात. गाडीत आई-वडील, मुलं, एखादी आत्या, मागच्या बाजूला उशा, गिटार, चिप्सची पाकिटं. हे सगळे पवना धरणाच्या काठावर एक रात्र तंबूत काढायला निघालेले असतात. ठाकुरसाई, फांगणे, आंबेगाव, ब्राह्मणोली ही गावं आज पिंपरी-चिंचवडच्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. रविवारी सकाळी तिकोना किल्ल्याकडे पाहत पोहे खायचे, फोटो काढायचे आणि दुपारपर्यंत घरी यायचं. याला आता सगळे ‘कॅम्पिंग’ म्हणतात.

शब्द नवा आहे, म्हणून काम नवं आहे असं मात्र समजू नका. छप्पर सोडून रात्र काढण्याची या खोऱ्याची सवय दोन हजार वर्षांहून जुनी आहे. त्या सवयीचा इतिहास सांगताना मला एकच प्रश्न विचारत जायचा आहे. आपण पोहोचायच्या आधी आपल्या मुक्कामाची जागा तयार कोण करतं?

सुरुवात लेण्यांपासून करू. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी याच मावळातली. बौद्ध भिक्खूंनी सतत फिरत राहावं, पावसाळ्यात मात्र एका जागी थांबावं, असा नियम होता. त्या थांबण्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी आधी साधी छपरं असतील, पुढे डोंगर कोरले गेले. भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत जाऊन पाहा, निजायला दगडी ओटे, बाहेर पाण्याची टाकी. पाऊस, निवारा, पाणी आणि झोप, एवढाच हिशेब. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात व्यापारी आहेत, धेनुकाकट गावचे यवनही आहेत. पण ज्यांनी छिन्नी चालवली, त्या बहुतेक हातांची नावं तिथे नाहीत.

दुसरा मुक्काम चाकणला. आज चाकण म्हटलं की डोळ्यांपुढे मोटारींचे कारखाने आणि कंटेनरची रांग येते. १६६०च्या पावसाळ्यात तिथे वेगळी रांग होती. औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान मोठी फौज घेऊन संग्रामदुर्ग या भुईकोटापुढे तळ देऊन बसला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्यांची मूठभर माणसं. जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजला. शेवटी खानाच्या माणसांनी जमिनीखालून भुयार खणून बुरूज सुरुंगाने उडवला, तेव्हा ऑगस्टमध्ये किल्ला पडला. फिरंगोजींचं शौर्य आपल्याला शाळेत शिकवलं जातं आणि ते शिकवायलाच हवं. मी मात्र कधी कधी बाहेरच्या तळाचा विचार करतो. मावळाच्या तोंडचा तो पाऊस, चिखलात रुतलेल्या मेखा, ओली कनात, भिजलेलं सरपण. तंबूत राहणारा प्रत्येक जण हौसेने आलेला नसतो, हे चाकणचा पाऊस सांगतो.

मुघलांच्या छावणीची एक रीत होती. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात मुक्काम चालू असतानाच दुसरा पुढच्या टप्प्यावर जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही तळाची बारकाईने माहिती दिली आहे. तंबू उभारणारे, जाजम अंथरणारे ते फर्राश. मराठीत त्याचं फरास झालं आणि ते आडनाव आजही आपल्याकडे सापडतं. राजे गेले, तंबू कुजले, पण तंबू उभारणाऱ्याचं नाव आडनावात शिल्लक राहिलं. भाषेचा हा न्याय मला आवडतो. मुक्काम हा शब्द अरबीतून आला, शामियाना फारसीतून. राहुटी आणि पाल यांच्या शेजारी ते असे बसले, की आता कोण आधीचं आणि कोण नंतरचं, हे कुणी विचारत नाही. मुक्कामाला आलेल्यांनी असंच मिसळून जावं.

तिसरा मुक्काम वारीचा. घरच्या माणसांनी आणि सोबत्यांनी मिळून उघड्यावर राहण्याची सगळ्यांत मोठी परंपरा आपल्याच दारावरून जाते. तुकाराम महाराजांची पालखी देहूतून निघते, वाटेत अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, आणि मग निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दर्ग्यापाशी होणाऱ्या या आरतीचं बाहेरच्यांना नवल वाटतं. इथल्या माणसांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. थांबायची जागा आहे, म्हणून थांबायचं.

दिंडीची व्यवस्था पाहण्यासारखी असते. चालणारे मागून येत असतात आणि दिंडीचा ट्रक राहुट्या, भांडी, शिधा घेऊन पुढे गेलेला असतो. माणसं पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि चूल पेटलेली. म्हणजे पेशखानाच. फरक एवढाच की इथे बादशहा नाही. आज राहुटी उभारणारा उद्या टाळ घेऊन चालतो आणि आज चालणारी बाई संध्याकाळी भाकऱ्या थापते. ज्याला निवारा मिळतो, तोच निवारा उभारायलाही हात लावतो. तंबूचं इतकं सरळ लोकराज्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता कारखान्यांकडे येऊ, कारण मौजेसाठी तंबूत राहणं ही गोष्ट कारखान्यानंतरची आहे. शेतकरी, मेंढपाळ, सैनिक यांना उघड्यावर झोपण्याचं कौतुक नव्हतं. कौतुक सुरू झालं ते भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला. इंग्लंडमध्ये यंत्रांची शहरं वाढली आणि मग तिथल्या माणसांना रान आठवू लागलं. टॉमस होल्डिंग या शिंप्याचा धंदा करणाऱ्या गृहस्थाने १९०१मध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना उभी केली, १९०८मध्ये तंबूत कसं राहावं याचं जाडजूड पुस्तक लिहिलं. १९०७मध्ये बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर भरवलं आणि त्यातून पुढे स्काउट चळवळ जगभर गेली. लष्कराचा तंबू असा घरगुती झाला.

आपल्याकडे तेच अर्ध्या शतकानंतर घडलं. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीची शेतं कारखान्यांत गेली. १९७०मध्ये नगरपालिका, १९८२मध्ये महानगरपालिका. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, सातारा-सांगलीकडची माणसं इथे आली. गाव सोडलेली ही माणसं तीन पाळ्यांत विभागली गेली. त्यांच्या घरात दिवसा झोपणारा एक माणूस असे आणि मुलांना ‘हळू बोला, थर्ड शिफ्ट करून आलेत’ असं सांगितलं जाई.

त्यातून एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. बाप घरी असेल तेव्हा पोरं शाळेत आणि पोरं घरी असतील तेव्हा बाप मशिनवर. माझे वडीलही अशाच एका कारखान्यात होते. त्यामुळे कुटुंबाने मिळून बाहेर जाणं हा आमच्या चाळीत वर्षातून एक-दोनदा जमणारा योग असे. दिवाळीची सुट्टी आणि वडिलांची रजा एकत्र आली, की चार घरं मिळून निघत. १९७८मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली होती. मळवलीला उतरायचं, भाज्याकडे चालत जायचं. तंबू कुठला? कुणाच्या तरी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून ताडपत्री मागून आणलेली असे. तीन दगडांची चूल, भाड्याची पेट्रोमॅक्सची बत्ती, अम्मीने आदल्या रात्री केलेलं सुकं मटण, शेजारच्या काकूंची थालीपीठं. रात्री अब्बा आणि शेजारचे काका चुलीपाशी बसून गावाकडच्या पावसाबद्दल बोलत राहत. कारखान्याचं नाव कुणी काढत नसे. वडिलांना भरदिवसा नव्हे, तर रात्री झोपलेलं आम्ही मुलं तिथे पाहत असू. आमच्या दृष्टीने सहलीतली सगळ्यांत नवलाची गोष्ट हीच.

त्याच काळात गडकोटांवर मुक्काम करणारी पिढीही तयार होत होती. तळेगाव दाभाड्याला राहणारे गोपाळ नीलकंठ दांडेकर आयुष्यभर किल्ले हिंडले आणि त्यांच्या लेखनाने कित्येकांना पाठीवर पिशवी घ्यायला लावली. १९८२मध्ये पुण्यात ‘गिरिप्रेमी’ सुरू झाली. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे पवनेचे चार पहारेकरी शनिवार-रविवारी माणसांनी भरू लागले. त्यांतला लोहगड २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

आणि आता धरणाकडे. पिण्यासाठी, उद्योगांसाठी आणि शेतीसाठी पाणी हवं म्हणून पवना नदी अडवली गेली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धरण उभं राहिलं. त्यात साडेआठ टीएमसी पाणी मावतं. ते नदीतून खाली सोडायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं, निगडीला शुद्ध करायचं आणि शहराला द्यायचं, अशी त्याची वाट. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी आजही मुख्यतः हेच.

या पाण्याखाली भाताची खाचरं गेली, घरं गेली, देवळं गेली. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. ते पाहायला आता गर्दी होते. ज्यांची जमीन गेली, अशा शेकडो कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतकभर रेंगाळला. मग पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहरात न्यायची योजना आली. नदीत पाणीच सुटलं नाही तर काठच्या शेतीचं काय, असं मावळच्या शेतकऱ्यांनी विचारलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ आंदोलन झालं. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एका महिलेसह तीन शेतकरी गेले. काम थांबलं आणि वर्षानुवर्षं थांबूनच राहिलं.

आता माझा मुद्दा सांगतो. कारखान्याने माणसाला थकवलं, म्हणून त्याला रानातली रात्र हवीशी झाली. त्याच कारखान्याला आणि त्याच्याभोवतीच्या शहराला पाणी हवं होतं, म्हणून तो जलाशय तयार झाला, ज्याच्या काठी तो विसाव्याला जातो. थकवा आणि विसावा, दोन्ही एकाच ठिकाणाहून आले. मधल्या मध्ये ज्याची जमीन गेली, त्याचा मुलगा किंवा नातू आज त्या काठावर तंबू उभारतो, गाद्या घालतो, शेकोटीची लाकडं रचतो. सगळेच कॅम्प गावकऱ्यांचे नाहीत, बाहेरच्यांचेही पुष्कळ आहेत. पण तंबू ठोकणारे हात बहुतेक वेळा आसपासच्या वाड्यांमधलेच असतात. आपण पोहोचायच्या आधी जागा तयार झालेली असते. हा आपला पेशखाना आणि हे आपले फरास.

म्हणून कुणी जाऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट जावं, मुलांना घेऊन जावं, म्हाताऱ्या आईला घेऊन जावं. ज्या मुलाने आठव्या मजल्यावरून फक्त रस्त्याचे दिवे पाहिलेत, त्याला एकदा तरी तिकोन्यामागून उगवणारा चंद्र दिसायला हवा. पाळ्यांमध्ये वाटल्या गेलेल्या घराला एक अख्खी रात्र एकत्र मिळणं, ही चैन नव्हे, ती गरज आहे.

पण मुक्कामाला गेलेला माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याची एक रीत असते. वारकरी ज्या गावात उतरतो, त्या गावाचं नाव त्याला माहीत असतं. आपण परतताना किती जणांना तंबू उभारणाऱ्या पोराचं गाव माहीत असतं? मध्यरात्रीपर्यंत स्पीकर लावला तर समोरच्या वाडीत पहाटे धारेला उठणारी बाई जागी राहते. काठावर सोडलेली बाटली पाण्यात जाते आणि ते पाणी रावेतवरून आपल्याच घरी येतं. एवढं ध्यानात ठेवायला फार पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

पुढच्या खेपेला शेकोटीपाशी बसाल तेव्हा गाणी म्हणाच. मधेच जरा थांबून लाकडं आणून देणाऱ्या मुलालाही बसायला जागा करा आणि त्याला विचारा, बाबा, तुमचं जुनं घर कुठे होतं? तो कदाचित हात लांब करून पाण्याकडे दाखवील. मुलांना तेव्हा उठवून बसवा. पवनेचा इतिहास ती त्या बोटाच्या दिशेने शिकतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)