वजा किरण कुठून आणायचा?

माझ्या एका मामूंना घशाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशनने तो बरा झाला. पण नंतर पाण्याचा पेला जवळ असल्याशिवाय त्यांना भाकरीचा घास गिळता आला नाही. तोंडाला लाळच सुटत नसे. रोजे सुटले, याचं दुःख त्यांना आजारापेक्षा जास्त वाटायचं. कानापुढच्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेतच येतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. त्या वाचवता आल्या नसत्या का, हे शोधायला मी निघालो आणि गणिताच्या इतिहासात जाऊन पोहोचलो.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि लवकरच ते कॅन्सरवर वापरले जाऊ लागले. अडचण तेव्हापासून एकच आहे. किरण गाठीपर्यंत जाताना वाटेतल्या निरोगी भागालाही इजा करतो. म्हणून अनेक दिशांनी थोडे थोडे किरण सोडायचे, म्हणजे ते एकत्र येतात तिथे मारा जास्त होतो. कुठून किती सोडायचे, हे तक्ते समोर ठेवून, पुन्हा पुन्हा करून बघत ठरवलं जायचं.

१९५६ साली केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात अ‍ॅलन कॉरमॅक हे भौतिकशास्त्राचे अध्यापक अर्धवेळ काम करू लागले. त्यांना एक गोष्ट खटकली. तक्ते सगळं शरीर एकसारखं धरून चालत होते. प्रत्यक्षात हाड, मांस आणि फुप्फुस किरण कमीजास्त शोषतात. मग बाहेरच्या मोजमापावरून शरीराच्या आतलं चित्र काढण्याचं गणित त्यांनी बसवलं आणि १९६३-६४ मध्ये छापलं. तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे इंग्लंडमध्ये हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे सीटी स्कॅनचं यंत्र बनवलं आणि १९७९ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता आतलं दिसू लागलं आणि प्रश्न उलटा मांडता आला. गाठीला अमुक डोस, शेजारच्या अवयवांना जवळजवळ शून्य, तर बाहेरून किरण कसे सोडायचे? स्वीडनमध्ये अँडर्स ब्राह्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे गणित मांडलं. १९८७ मध्ये कॉरमॅकही या प्रश्नाकडे परतले. पण मनासारखा डोस नेमका मागितला की गणित काही ठिकाणी वजा किरण सोडायला सांगतं! म्हणजे शरीरात गेलेला डोस परत काढून घेणारा किरण. तसा किरण जगात नाही.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांनी समीकरणातली वजा रक्कम दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढण्याला 'जब्र' म्हटलं. अरबीत जब्र म्हणजे मोडलेलं हाड बसवणं, असाही अर्थ आहे. 'अल्जेब्रा' हा शब्द तिथूनच आला. पण इथला वजा दुसऱ्या बाजूला नेण्याची सोय नव्हती.

मग नेमकं उत्तर सोडून, शक्य त्यांतलं सर्वांत चांगलं उत्तर शोधायचं ठरलं. किरणाचे शेकडो बारीक तुकडे करायचे. एकही तुकडा शून्याखाली जाता कामा नये. गाठीला कमी पडलं तर दंड, मज्जारज्जूला जास्त झालं तर दंड. एकूण दंड सर्वांत कमी होईल अशी मांडणी संगणकाने शोधायची. लंडनमध्ये स्टीव्ह वेब आणि हायडेलबर्गमध्ये थॉमस बोर्टफेल्ड यांनी १९९० च्या सुमारास यासाठी चालतील अशा पद्धती दिल्या. पुढे त्यातूनच आयएमआरटी उपचार रुग्णालयांत आला.

फरक किती पडला? ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या ९४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये छापून आला. वर्षभरानंतर तोंडाच्या कोरडेपणाचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, तर नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना.

तरीही एक गोष्ट संगणकाला ठरवता येत नाही. कोणत्या अवयवासाठी किती दंड, हे माणूस लिहून देतो. लाळग्रंथींचं नाव त्या यादीत नसेल, तर संगणक त्यांची पर्वा करणार नाही. म्हणून, वाचकहो, घरात कुणाचं तोंडाचं किंवा घशाचं रेडिएशन ठरलं, तर न संकोचता डॉक्टरांना विचारा: लाळग्रंथींसाठी मर्यादा किती धरली आहे? आम्ही मामूंच्या वेळी हे विचारलं नाही, कारण असं काही विचारता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.