जिवंत शब्द आणि परदेशातली पुस्तके

डेन्मार्कचे धर्मोपदेशक, कवी आणि शिक्षणचिंतक निकोलाय फ्रेडरिक सेवेरिन ग्रुंटविग (१७८३–१८७२) यांचा छापील अक्षरावर फारसा विश्वास नव्हता. पाठांतर आणि परीक्षा यांनी गांजलेल्या लॅटिन शाळांना ते मृत्यूच्या शाळा म्हणत. ज्ञान एका माणसाच्या मुखातून दुसऱ्याच्या अंतःकरणात उतरले पाहिजे, हा त्यांचा ‘जिवंत शब्दा’चा आग्रह. त्याच विचारातून १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी तेथे राहावे, इतिहास ऐकावा, गाणी म्हणावीत, वाद घालावेत आणि परीक्षा न देता शेतावर परतावे, अशी ती कल्पना होती.

ग्रंथाविषयी असा संशय बाळगणाऱ्या या विचाराचे अनुयायी अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना एकत्र बांधून ठेवण्यात पुस्तकांचा वाटा मोठा ठरला, ही इतिहासातली एक विलक्षण विसंगती आहे. विसंगती म्हणावी तर ती वरवरचीच. कारण ही माणसे पुस्तक कसे वाचत, हे पाहिले की तिचा उलगडा होतो.

१९२०च्या दशकापर्यंत सुमारे तीन लाख डॅनिश माणसे अमेरिकेत गेली. स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांच्या मानाने ही संख्या लहान. त्यात ते विखुरले, बाहेर लग्ने करू लागले आणि त्यांची भाषा वेगाने मागे पडू लागली. ग्रुंटविग यांचे पुत्र फ्रेडरिक लांगे ग्रुंटविग आयोवातील क्लिंटन येथे पाद्री होते. त्यांनी १८८७ मध्ये ‘डान्स्क फोल्केसामफुंड’ ही संस्था स्थापन केली ती याच काळजीपोटी. टेक्सासमधील डॅनेवांग (१८९४) आणि मिनेसोटातील आस्कोव्ह (१९०६) या वसाहती संस्थेच्या पुढाकाराने वसल्या. आयोवातील एल्क हॉर्न येथे त्याआधीच, १८७८ मध्ये, लोकविद्यालय सुरू झाले होते.

मिनेसोटातील टायलर येथे डॅनेबोड नावाचा परिसर उभा राहिला. १८८९ मध्ये दगडी सभागृह, पुढे चर्च आणि १९०४ मध्ये व्यायामशाळा. अशा वसाहतींतील हिवाळी संध्याकाळींचा क्रम ठरून गेलेला असे. आरंभी सर्वांनी मिळून गाणे, मग व्याख्यान किंवा वाचन, मग कॉफी आणि गप्पा, शेवटी पुन्हा गाणे, कधी लोकनृत्य. एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. बायकांच्या हातात विणकाम असे. हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या कथा आणि इंगेमानच्या मध्ययुगीन डेन्मार्कवरच्या कादंबऱ्या या मंडळींच्या जिव्हाळ्याच्या. पुस्तक येथे एकांताचा सोबती नव्हते. ते वाचणाऱ्याच्या कंठातून पुन्हा बोलके होई, आणि वडील ग्रुंटविग यांच्या आग्रहाला बाध न येता छापील अक्षर जिवंत शब्द होई. वाचनमंडळ म्हणजे ग्रंथालयापेक्षा सभा अधिक.

अर्थात सारा डॅनिश समाज या सभेत बसायला तयार नव्हता. ‘इनर मिशन’ पंथाच्या मंडळींना नाच, पत्ते आणि ऐहिक करमणूक पापाच्या वाटेवरची वाटे. गाण्या-नाचण्यात रमणारे ‘आनंदी डेन’ आणि हे ‘पवित्र डेन’ यांच्यातील बेबनाव विकोपाला जाऊन १८९४ मध्ये चर्च दुभंगले. शहरी कामगारांना यांपैकी कोणतीच बाजू आपली वाटली नाही, तर त्यांच्यासाठी ओमाहात १८८२ पासून ‘डॅनिश ब्रदरहुड’ ही परस्परसाहाय्य संस्था होती, आणि ‘देन डान्स्के पायोनीर’ हे वृत्तपत्र होते. या पत्राचा सूर इतका बंडखोर होता की डेन्मार्कच्या सरकारने काही काळ त्यावर बंदी घातली.

खरा आघात बाहेरून आला. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, दूरध्वनीवर, जाहीर भाषणात केवळ इंग्रजीच. प्रार्थनासुद्धा दुसऱ्या भाषेत करायची तर घरात. रोख जर्मनांवर होता, पण डॅनिश भाषेलाही सूट नव्हती. यातला दैवदुर्विलास असा की, १८६४ च्या पराभवानंतर प्रशियाच्या ताब्यात गेलेल्या श्लेस्विगमधून अनेक डेन अमेरिकेत आले होते. तेथे १८८८ मध्ये शाळांतून डॅनिश हद्दपार झाली होती. रोडिंगचे विद्यालयही त्याच पराभवामुळे सीमेपलीकडे आस्कोव्हला हलवावे लागले, आणि मिनेसोटातील वसाहतीचे नाव त्या आस्कोव्हवरूनच पडले. जर्मन सत्तेने ज्यांची भाषा शाळेतून घालवली, त्यांचीच भाषा आता जर्मनांवरच्या रागापायी दडपली जात होती. फर्मान डिसेंबरात मागे घेतले गेले; पण त्याने मनात बसवलेला धाक कागद मागे घेतल्याने जात नाही.

पुढची पिढी इंग्रजीतच वाढली. १९४१ मध्ये डॅनिश-अमेरिकन तरुणांच्या संघटनेने ‘अ वर्ल्ड ऑफ साँग’ हा संग्रह काढला. त्यात वडिलांची गाणी इंग्रजीत आणलेली होती. डॅनेबोड येथे दुसऱ्या महायुद्धानंतर मेळावे भरले, तेही इंग्रजीतच. व्याख्यान, कॉफी, गाणे हा जुना क्रम मात्र राहिला.

याला यश म्हणावे की पराभव? भाषा टिकवण्यासाठी जी रीत जन्मली, ती भाषा गेल्यावरही टिकली. वडील ग्रुंटविग यांच्या दृष्टीने पाहिले तर यात खेद कमी असावा. शब्द जिवंत राहतो तो ऐकणाऱ्यांमुळे, असेच ते म्हणत आले होते. पण मायबोलीतले पुस्तक मोठ्याने वाचणाऱ्या त्या शेवटच्या पिढीला एवढ्याने समाधान वाटले असेल का? गाण्याची चाल तीच, माणसे आपलीच. फक्त आईने शिकवलेला शब्द त्यात नव्हता.