राज्याची बेगमी



यंदाच्या स्मरणिकेत इतिहासावर एक लेख असावा असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. इतिहास म्हटला की तलवारी, घोडे आणि बुरूज डोळ्यांपुढे येतात. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी मात्र त्या लढायांमागच्या दाण्याची, गवताची आणि लाकडाची गोष्ट सांगणार आहे, कारण हा विषय आपल्या रोजच्या माहितीतला आहे. मृगापूर्वी घरात डाळी, तिखट, सरपण भरून ठेवण्याला आपण पावसाळ्याची बेगमी म्हणतो. राज्यालाही अशीच बेगमी करावी लागते. सतराव्या शतकात आपल्या सह्याद्रीत जी युद्धे झाली, त्यांत या बेगमीने फार मोठे काम केले.

शिवाजीमहाराजांच्या राज्यात फौजेचे वर्ष पावसावर बेतलेले असे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला यावे आणि दसरा झाला की मोहिमेवर निघावे, असा शिरस्ता सभासदाच्या बखरीत दिला आहे. लष्करात बायका, बटकी असू नयेत, अशीही ताकीद त्यात आहे. शेतकऱ्याच्या पेरणीकाळात घोडा तबेल्यात आणि पीक हाती येऊ लागले की घोडा बाहेर, असा तो मेळ होता.

१६७० नंतर चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना एखादा कर्ता पुरुष घरच्यांना समजावीत आहे असे वाटते. गवत-दाणा आहे तोवर मनास येईल तसा उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते बजावतात. मग शिपाई कुणब्याच्या घरातून दाणे, भाजी, लाकूड उचलू लागतील, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे! पुढे तर आगीची काळजी आहे. कोणी वारा न पाहता चूल पेटवील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. एवढ्या मोठ्या राजाला उंदराने नेलेल्या वातीची चिंता होती, हे वाचून मला फार नवल वाटले. गवत जळाले तर घोडा जाईल आणि घोडा गेला तर राज्य जाईल, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

आता दुसरी बाजू पाहू. १६८१ साली औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये त्याने विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांचा क्रूर वध केला. राजाराममहाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. त्यांच्या निधनानंतर १७०० पासून ताराबाईंनी राज्याची धुरा उचलली. बादशहाकडे पैसा, तोफा, माणसे यांची वाण नव्हती. पण त्याची छावणी म्हणजे एक चालते शहरच होते. त्या शहराला रोज दाणा, वैरण, सरपण लागे. मराठ्यांच्या तुकड्या हलक्या होत्या. त्या नेमक्या रसदेवर आणि वैरणीवर घाला घालीत.

शिवाय सह्याद्रीचा पाऊस कोणाची बादशाही मानीत नाही. १७०० च्या ऑक्टोबरात, एरवी कोरडी असणारी माण नदी रात्रीतून फुगली आणि खवासपूरच्या छावणीत पाणी शिरले. त्या धांदलीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड त्याच्या हाती आला, तोही किल्लेदाराला पैसे चारून. परतताना पावसाने गाठले. ओढे-नाल्यांना पूर आले, ओझ्याची जनावरे चिखलात रुतली, धान्य भलतेच महाग झाले. पन्हाळ्यापर्यंतच्या सुमारे तीस मैलांच्या वाटेला महिन्याहून अधिक काळ लागला.

या युद्धात दरसाल लाखभर माणसे आणि तीन लाखांवर जनावरे मरत, असे मनुची या इटालियन प्रवाशाने लिहिले आहे. आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण झाडे आणि पिके नाहीशी होऊन मुलूख उजाड झाल्याचेही तो सांगतो. १७०२ पासून दोन-तीन वर्षे अवर्षण आणि रोगराई यांची भर पडली. १७०७ मध्ये अहमदनगरला बादशहा वारला, तोवर त्याने घेतलेले कित्येक गड मराठ्यांनी परतही मिळवले होते.

या धामधुमीत ज्यांनी राज्य सावरून धरले, त्यांत रामचंद्रपंत अमात्य होते. १७१५ च्या सुमारास त्यांनी ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, असे ते सांगतात. गडाभोवतीची झाडी राखावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, असे त्यांचे मत आहे.

आरमाराला लाकूड फार लागते. त्यासाठी राज्यातले सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे आज्ञापत्र म्हणते. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे.

आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या गोष्टीला मनाई करावी लागते, ती कोठे ना कोठे घडत असतेच. झाडे तोडणारे आणि कुणब्याच्या घरात शिरणारे आपल्याही लष्करात असणार, म्हणूनच हे लिहावे लागले. मोगल गेले आणि मराठे आले, तरी एखाद्या घरची कणगी रिकामीच राहिली असेल. त्या घरच्या बाईने पोरांना काय शिजवून घातले असेल, हे कोणत्याही बखरीत सापडत नाही.

तरीही, राज्य वाढवण्याच्या त्या काळात, जहाजाला लाकूड हवे असतानाही रयतेच्या दारचा आंबा विचारल्यावाचून तोडू नये असे लिहून ठेवणारी माणसे या मातीत होऊन गेली. त्यांनी गवताच्या काडीचा आणि माणसाच्या मनाचा हिशेब एकत्र मांडला. आपण मुलांना गडांवर नेतो तेव्हा बुरूज आणि तोफा दाखवतोच. पाण्याची टाकी आणि भोवतीची झाडीही दाखवावी, आणि ती कोणी, कशासाठी राखली तेही सांगावे, इतकेच माझे मागणे आहे.