युरोस्टोमीनंतरचे रोजचे जगणे: पिशवी, त्वचा, झोप आणि प्रवास

मूत्राशय काढून टाकावे लागले, बहुतेक वेळा कर्करोगामुळे, की लघवी बाहेर येण्यासाठी नवी वाट करावी लागते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला साधारण १५ ते २० सेंटीमीटरचा तुकडा घेऊन दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात. त्याचे दुसरे टोक पोटावर, बहुधा बेंबीच्या उजव्या बाजूला उघडतात. हे तोंड म्हणजे स्टोमा. आतड्याचा हा तुकडा फक्त नळीचे काम करतो, लघवी साठवत नाही. त्यामुळे ती सतत थोडी थोडी येत राहते, रोखता येत नाही आणि पिशवी कायम लावावी लागते.

स्टोमा कसा दिसायला हवा?

गालाच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कारण तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. पुसताना कापडाला किंचित रक्त लागले तर घाबरू नका. लघवीत पांढरे, चिकट धागे दिसतात तेव्हा बरेच जण पू झाला म्हणून धावत येतात. तो आतड्याचा नेहमीचा चिकट स्राव असतो.

गळती आणि त्वचा

घरी आल्यावर सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते आणि तो लहान होतो. चकतीचे छिद्र मात्र आपण जुन्याच मापाने कापत राहतो. मग मधल्या उघड्या त्वचेवर लघवी साचते, त्वचा लाल होते, ओलसर त्वचेवर चकती नीट चिकटत नाही आणि पुन्हा गळते. म्हणून या काळात दर आठवड्याला माप घ्या. छिद्र स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठे ठेवा.

पिशवी बदलायला सकाळी उठल्या उठल्या, चहापाण्याआधीची वेळ चांगली, कारण तेव्हा लघवी कमी येते. कोमट पाण्याने त्वचा धुवा आणि टिपून पूर्ण कोरडी करा. तेवढा वेळ गॉजची गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर धरली की थेंब त्वचेवर येत नाहीत. खोबरेल तेल, हळद, क्रीम, टाल्कम पावडर यांतले काहीही तिथे नको. चकती चिकटणारच नाही. जुनी चकती ओरबाडून काढू नका. त्वचा एका हाताने दाबत, वरून खाली हळूहळू सोडवा.

साधारण तीन-चार दिवसांनी चकती बदलावी लागते. पिशव्या महाग असतात, हे खरे. पण गळणाऱ्या पिशवीला चिकटपट्ट्या लावून आणखी दोन दिवस काढणे परवडत नाही. त्वचा सोलली की औषधाचा खर्च वाढतो आणि नवी पिशवीही टिकत नाही. उन्हाळ्यात घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा थोडी आधीच बदला. जादा पिशव्या बंद गाडीत ठेवू नका.

पाणी आणि रात्रीची झोप

पिशवी भरू नये म्हणून पाणी कमी पिणे ही नेहमीची चूक. त्याने लघवी दाट होते, वास वाढतो, जंतुसंसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जाऊ द्या. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. वजनाने ओढली गेली की ती सुटते.

रात्री पिशवीच्या तोटीला नळी जोडून मोठी, सुमारे दोन लिटरची पिशवी लावा आणि ती पलंगापेक्षा खाली टांगा. जोडण्यापूर्वी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या, म्हणजे ती आतून चिकटून बसत नाही. नळीला पीळ पडलेला नाही हे बघा. सलग झोप लागली की निम्मी चिडचिड जाते, घरच्यांचीही.

बाकीचे दिवसभराचे

खाण्यात विशेष पथ्य नाही. मासे, कांदा, लसणाने वास वाढू शकतो, बीटाने लघवी लाल दिसते, इतकेच. आंघोळ पिशवीसकट करता येते. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेमका स्टोमावर येत असेल तर वर-खाली बांधा. पहिले सहा ते आठ आठवडे भरलेली बादली, सिलेंडर उचलू नका, हर्निया होऊ शकतो. दुचाकी केव्हा चालवायची ते सर्जनला विचारून ठरवा. प्रवासात बदलीचा पूर्ण संच, आधीच कापलेल्या चकतीसह, हाताशी ठेवा.

पूजा, नमाज, लग्नकार्य यांबद्दल रुग्ण दबक्या आवाजात विचारतात. वैद्यकीय दृष्टीने कशालाच आडकाठी नाही. पतिपत्नीच्या संबंधांबद्दलही बोला. स्टोमामुळे संबंध वर्ज्य होत नाहीत, पण शस्त्रक्रियेत नसांना इजा झाली असेल तर अडचण येते आणि त्यावर उपचार आहेत. पत्नीने किंवा मुलाने पिशवी बदलायला जरूर शिकावे, पण रोजचे काम जमेल तितके रुग्णाने स्वतःच करावे, असे माझे मत आहे. शिकवायला स्टोमा नर्स असतात, आणि मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थाही मदत करतात.

लगेच दवाखान्यात या

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, काही तास लघवीच आली नाही, दाबूनही रक्त थांबेना, थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कुशीला दुखू लागले, तर थांबू नका. लघवी तपासायला द्यायची असेल तर साठलेल्या पिशवीतली देऊ नका. त्यात जंतू नेहमीच सापडतात आणि विनाकारण अँटिबायोटिक सुरू होते. स्टोमातून निर्जंतुक नळीने नमुना घ्यायला सांगा. गावाकडच्या डॉक्टरांना ही शौचाची नव्हे, लघवीची पिशवी आहे हे आधीच सांगा आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत ठेवा. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, रक्तातले क्षार आणि बी-१२ या तपासण्या बरे वाटत असले तरी सांगितलेल्या तारखेला करून घ्या.