थोरलं संमीलन, धाकटं विखंडन

अणुऊर्जेच्या कुळात हलकी केंद्रकं जोडणारं संमीलन थोरलं, जड केंद्रक फोडणारं विखंडन धाकटं. १९२० साली केंब्रिजच्या फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांच्या मोजमापातून दिसलं, की हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका भरतो. तूट शेकडा एकाहूनही कमी; पण त्या तुटीचीच ऊर्जा होऊन सूर्याचं तेज येत असावं, असं आर्थर एडिंग्टन यांनी त्याच वर्षी मांडलं. १९३४ मध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी जड हायड्रोजनची केंद्रकं आदळून प्रयोगशाळेत संमीलन घडवलंही. विखंडन उमगलं ते त्यानंतर. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान न्यूट्रॉनचा मारा केलेलं युरेनियम तपासत होते. त्यात रेडियम असेल या समजुतीनं ते वेगळं काढायला त्यांनी बेरियम मिसळलं. पण काही केल्या किरणोत्सर्ग बेरियमपासून सुटेना. तो बेरियमचाच होता. केंद्रक दुभंगलंय, हा उलगडा लिझ माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी केला, आणि चारच वर्षांत, २ डिसेंबर १९४२ ला, शिकागोत फर्मी यांची अणुभट्टी चालू झाली.

धाकट्यानं आघाडी घेतली ती जास्त ऊर्जेच्या जोरावर नव्हे. वजनाला वजन लावलं तर ड्यूटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांचं संमीलन युरेनियमच्या सुमारे चौपट ऊर्जा देतं. खरा भेद आहे तो केंद्रकात शिरण्याचा. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यानं अगदी मंद न्यूट्रॉनही युरेनियम-२३५ मध्ये सहज शिरतो. केंद्रक फुटताना दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी पुढे चालते. हायड्रोजनची केंद्रकं मात्र दोन्ही धनभारित. त्यांना जवळ आणायचं तर पृथ्वीवरच्या यंत्रात दहा-पंधरा कोटी अंश तापमान हवं, आणि ते टिकवायलाही हवं. म्हणूनच बिघाड झाला की संमीलन आपोआप थंडावतं. विखंडनाची भट्टी बंद केल्यावरही तिच्यातली किरणोत्सर्गी राख तापत राहते.

कुणी म्हणेल, युद्धानं विखंडनाला पैसा दिला, एवढंच. पैसा मिळाला हे खरं; पण हायड्रोजन बॉम्बसाठीही तिजोऱ्या उघडल्याच होत्या, आणि १९५२ मध्ये तो फुटला तो आत विखंडनाचा बॉम्ब पेटवूनच. संमीलन वीस वर्षांत काबूत येईल, असं भाकीत होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हात केलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या तुर्भ्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, ती विखंडनावर. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत इंधनावर पडलेल्या लेसरपेक्षा जास्त ऊर्जा संमीलनातून निघाली, त्याला डिसेंबर २०२२ उजाडला: २.०५ मेगाज्यूल आत, ३.१५ बाहेर. ते लेसर चालवायला मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.