स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: हा वहम नाही

ऑपरेशन होतं, गाठ निघते, रिपोर्ट चांगले येतात. घरचे निश्चिंत होतात. पण अनेक महिलांची छाती, काख आणि दंडाची आतली बाजू दुखतच राहते. जखम भरल्यावरही हे दुखणं 3 महिन्यांहून जास्त टिकलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला ‘पोस्ट मास्टेक्टॉमी पेन सिंड्रोम’ म्हणतात. स्तन न काढता फक्त गाठ काढलेल्या महिलांनाही तो होतो.

दुखतं का?
काखेतल्या लसिका ग्रंथी काढताना तिथून दंडाकडे जाणारी बारीक नस ताणली किंवा कापली जाऊ शकते. नस दुखावली की आग होते, करंट लागल्यासारखी कळ येते, मुंग्या येतात. काही जणींना अंगावरचा कपडाही सहन होत नाही.

किती जणींना?
डेन्मार्कमध्ये 2005 आणि 2006 साली ऑपरेशन झालेल्या महिलांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरं देणाऱ्या 3,253 जणींपैकी 47 टक्के महिलांना दोन-तीन वर्षांनंतरही दुखत होतं. चाळिशीच्या आतल्या, काखेतल्या ग्रंथी काढलेल्या आणि रेडिएशन घेतलेल्या महिलांत हा धोका जास्त आढळला.

रोजच्या जगण्यावर परिणाम
केस विंचरणं, भाकरी थापणं, नमाजला हात उचलणं, त्या कुशीवर झोपणं जड जातं. दुखतं म्हणून हात हलवला नाही की खांदा आखडतो. झोप उडते. प्रत्येक कळेला वाटतं, कॅन्सर परत तर आला नाही ना? ‘जीव वाचला, आता कशाची तक्रार?’ असं कुणी म्हटलं की ती बोलायचंच बंद करते.

उपाय काय?
नसांच्या दुखण्यावर साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर आधी सांगा, कारण काही औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात. फिजिओथेरपीने खांदा मोकळा होतो. मोठ्या हॉस्पिटलांत पेन क्लिनिक असतं, तिथे दाखवता येतं.

नवी गाठ, हाताला सूज, लाली आणि ताप, किंवा हाडात सतत दुखणं असेल तर लगेच तपासणी करा.

पुढच्या तपासणीला घरच्यांनी सोबत जावं. कुठे, कधी, किती दुखतं हे लिहून न्यावं. ती सांगायला लाजली, तर तुम्ही सांगा.